शोरूममध्ये भाव करणं म्हणजे लोभ नव्हे



ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या समाजाची एक बातमी देशभर फिरली. जितोच्या पुढाकाराने ठिकठिकाणच्या जैन कुटुंबांनी बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीज अशा १८६ महागड्या गाड्या एकत्र सौदा करून घेतल्या आणि सगळ्यांनी मिळून २१.२२ कोटी रुपयांची सवलत मिळवली. गाडीमागे सरासरी ११ लाखांच्या वर. तुमच्या-माझ्या प्रत्येक ग्रुपवर ती बातमी आली, आणि तिच्याबरोबर दोन प्रकारची मतंही आली.

पहिलं मत पुरुषमंडळींचं. "बघा, जैन माणसाला व्यवहार शिकवावा लागत नाही!" खाली टाळ्यांची रांग. दुसरं मत बहुतेक आपल्याच बायकांचं. बस्तीच्या ओट्यावर, स्वाध्यायानंतर, हळू आवाजात: "अहो, कोटभराची गाडी घेणाऱ्यांनी सवलत कसली मागायची? शोभतं का? आपल्या धर्मात लोभ सोडायला सांगितलाय ना?"

पहिल्या मताशी माझं भांडण आहेच, त्याकडे शेवटी येते. पण आधी दुसऱ्याशी. कारण ते मत धर्माच्या नावाने बोललं जातं, आणि त्यामुळे आपल्या बायका ज्या टेबलावर बसायला हव्यात तिथून आपणहून उठतात.

"शोभत नाही" ही भावना येते कुठून? मोठ्या गाडीच्या शोरूममध्ये एकदा शांतपणे बघा. काचेचं दार आपल्यासाठी कुणीतरी उघडतं. गार हवा, मंद सुगंध, कॉफी विचारायला वेगळी मुलगी. सूट घातलेला तरुण "मॅडम" म्हणत गाडीचं दार उघडून बसायला सांगतो. किमतीचा बोर्ड कुठेही नसतो. या सगळ्या मांडणीचा एक हेतू हाही असतो की किंमत विचारताना आपला आवाज आपोआप खाली जावा. मग विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "मॅडम, हा प्रीमियम ब्रँड आहे, इथे तसं काही नसतं." आणि आपण ओशाळतो.

आता मला सांगा, तिथे गप्प बसवणारी गोष्ट कोणती? लोभ सुटला म्हणून आपण गप्प बसलो का? ज्याचा लोभ सुटला तो त्या खुर्चीत बसलेलाच नसतो. आपल्याला गप्प करतो तो मान. समोरचा आपल्याला हलकं समजेल ही भीती. दशलक्षण पर्वात दरवर्षी आपण उत्तम मार्दवावर प्रवचन ऐकतो आणि उत्तम शौचावरही ऐकतो. शौच म्हणजे लोभाचा अभाव, मार्दव म्हणजे मानाचा अभाव. शोरूममध्ये न विचारता सही करणारी बाई शौच पाळते असं तिला वाटतं. प्रत्यक्षात ती मान पोसत असते, आणि त्या मानासाठी घरातले काही लाख मोजते.

दुसरी गोष्ट. सवलत कुणाच्या पोटातून येते हेही बघा. मंडईतल्या कोथिंबीरवालीकडून दहा रुपये कमी केले तर ते तिच्या दुपारच्या चहातून जातात. तिथे भाव करू नये, हे मी पूर्वीही लिहिलंय आणि पुन्हा लिहीन. पण गाडीच्या शोरूमचं गणित वेगळं आहे. विक्रेत्याला प्रत्येक गाडीमागे नफ्याची टक्केवारी असते. त्यावर कंपनी महिनाअखेरीला, तिमाहीअखेरीला, वर्षअखेरीला ठरावीक गाड्या विकल्या तर वेगळी मदत देते. यार्डात उभ्या असलेल्या गाडीवर व्याज चढत असतं. म्हणून जी गाडी १० तारखेला "एक रुपयाही कमी होणार नाही" असते, तीच ३० तारखेला लाखांनी कमी होऊ शकते. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत गतवर्षीची ठरते, कारण नोंदणी पुस्तिकेवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं आणि पुढे विकताना घेणारा तेच पाहतो. सवलत ही त्या सूटवाल्या मुलाच्या पगारातून जात नाही. त्याला तर गाडी विकली गेली तरच त्याचा महिना साजरा करता येतो. न मागितलेली सवलत कुणा गरिबाला मिळत नाही. ती विक्रेत्याच्या नफ्यात राहते, एवढंच.

"पण आम्हाला त्यातलं काय कळतं?" हा पुढचा आक्षेप. मैत्रिणींनो, सराफाच्या दुकानात आपल्याला कोण फसवू शकतं? सोन्याचा आजचा भाव आपल्याला तोंडपाठ. मजुरी किती टक्के, घट किती धरली, खड्यांचं वजन सोन्यात मोजलं का, मोड दिली तर जुन्या सोन्याला काय भाव, हे सगळं आपण बोटांवर करतो. गाडीचं कोटेशन म्हणजे सराफाचं बिलच आहे. फक्त नावं वेगळी.

एक्स-शोरूम किंमत हा सोन्याचा भाव. त्यातच जीएसटी असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी उपकर धरून तो ५० टक्क्यांपर्यंत जायचा. म्हणून कुणी जुनी किंमत आणि नवी किंमत शेजारी ठेवून "मॅडम, एवढी सवलत दिली" म्हणालं, तर विचारा की यातला कर सरकारने किती कमी केला आणि तुम्ही किती. सरकारने केलेली कपात म्हणजे दुकानदाराचा मोठेपणा नव्हे. आणि जी सवलत खरोखर देतील ती बिलातच लिहून घ्या. बिलावर दाखवलेल्या सवलतीवरचा जीएसटीही वाचतो. मागाहून "ॲडजस्ट करू" म्हणून दिलेल्या शब्दावर वाचत नाही.

त्यानंतर मोटार वाहन कर. महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के, आणि गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. यात भाव होत नाही, पण आपण कुठल्या रांगेत उभे आहोत ते घरी बसून ठरवता येतं. "फर्मच्या नावावर घेऊ, खर्च दाखवू" असं म्हणणाऱ्या घरातल्या मंडळींनी हा फरक कागदावर मांडून मगच बोलावं.

मग टीसीएस. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का वेगळा घेतो. ८० लाखांच्या गाडीवर ८० हजार. हा खर्च नाही. ज्याच्या पॅनवर तो भरला जातो त्याच्या आयकरात तो वळता होतो किंवा परत मिळतो. आता लक्ष द्या, कारण ही गोष्ट खास आपली आहे. घरच्या लक्ष्मीच्या नावावर गाडी घ्यायची हौस आपल्याकडे फार. त्या लक्ष्मीचं आयकर विवरणपत्र भरलं जात नसेल, तर तिचे ८० हजार तिच्या नावावर नुसते पडून राहतात. तेव्हा नावावर गाडी आली की विवरणपत्रही आपल्या नावाने भरायला सांगा. पैसे परत आले की ते कुणाच्या खात्यात आले तेही बघा.

विमा ही या बिलातली खरी मजुरी. मोठ्या गाडीचा पहिल्या वर्षाचा हप्ता लाखांत जातो आणि कोटेशनमध्ये तो एका ओळीत गुपचूप बसलेला असतो. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या खाजगी गाडीला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, हा नियम १ सप्टेंबर २०१८ पासून आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एका वर्षाचा चालतो, आणि त्याचा हप्ता कंपनीगणिक बदलतो. बाहेरून दोन कोटेशनं घेऊन जा, त्यात गाडीचं मूल्य आणि जोडसंरक्षणं तीच ठेवा, आणि कागद टेबलावर ठेवा. आवाज चढवायची गरज पडत नाही.

कर्जाचंही तसंच. साठ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलं आणि ८.५ टक्क्यांनी घेतलं, तर सुमारे ८७ हजारांचा फरक पडतो. "व्याज कमी हवं की रोख सवलत हवी" असं विचारलं तर दोन्हींचा एकूण आकडा मांडून बघा, मग बोला.

उरलेल्या ओळी बारीक वाचा. माझ्या धाकट्या नणंदेच्या घरी गाडी घ्यायची ठरली तेव्हा तिच्या यजमानांनी सही करायला पेन काढलं होतं. ही शेजारी बसून कोटेशन वाचत होती. तिने विचारलं, "हे हँडलिंग चार्जेस कशाचे?" उत्तर आलं, "मॅडम, गाडी यार्डातून आणायची, धुवायची, तयार करायची..." ती म्हणाली, "गाडी तयार करायचे पैसे वेगळे, मग गाडीचे पैसे घेतले ते कशाचे?" ती ओळ खोडली गेली. हा कर नव्हता, सरकारी शुल्क नव्हतं. छापील दिसत होतं म्हणून खरं वाटत होतं. बत्तीस हजार रुपये वाचले आणि कॉफीही मिळाली.

काही ठिकाणी गाडीच्या किमतीवर घासाघीस होतच नाही. मर्सिडीजने भारतात ऑक्टोबर २०२१ पासून थेट कंपनीकडून विक्रीची पद्धत आणली: गाड्या कंपनीच्या मालकीच्या, देशभर किंमत एक. तिथे किमतीसाठी हट्ट करून उपयोग नाही. पण जुन्या गाडीची मोड, विमा, कर्ज आणि देखभालीचं पॅकेज यांचा हिशेब तिथेही उरतोच. जुनी गाडी तर आधी बाहेर दोन ठिकाणी दाखवून आणा. नव्या गाडीवर दोन लाख सोडून जुन्या गाडीत तीन लाख कापणं, हा सराफांनाही माहीत असलेला जुना खेळ आहे.

आणि "फ्री" वस्तूंना भुलू नका. पायपुसणी, पॉलिश, बॅग, छत्री. त्याऐवजी रुपये सांगा म्हणावं. आपल्यासाठी तर यात आणखी एक पेच आहे. "मॅडम, लेदर सीट अपग्रेड आमच्याकडून भेट" असं हसत सांगतात. जी वस्तू आपण फुकट मिळाली तरी घरात आणणार नाही, ती सवलतीत कशी मोजायची? बऱ्याच मोठ्या गाड्यांत कृत्रिम चामड्याचा पर्याय असतो. मर्सिडीज त्याला आर्टिको म्हणते, बीएमडब्ल्यूचं सेन्साटेक आहे. पण सीट कृत्रिम असली तरी स्टीअरिंगवर खरं चामडं चढवलेलं असू शकतं, तेव्हा सीट, स्टीअरिंग, गिअरची मूठ असं वेगवेगळं लिहून मागा. तोंडी "हो मॅडम, सगळं व्हेगन" यावर विसंबू नका.

आता धर्माचा भाग. भाव करणं पाप नाही, पण भाव करताना पाप होऊ शकतं, आणि ते कुठे होतं हे आपल्या आचार्यांनी फार बारकाईने सांगून ठेवलंय. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे आणि प्रतिरूपक व्यवहारही आहे. म्हणजे राज्याचा नियम डावलून केलेला व्यवहार, आणि खऱ्याच्या जागी खोटं खपवणं. शोरूमच्या टेबलावर ही दोन्ही माणसं रोज येऊन बसतात.

"थोडे रोख द्या, बिल कमीचं करू." हा विरुद्धराज्यातिक्रम. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, ती वेगळीच. "दुसऱ्या राज्यात नोंदवू, कर वाचेल." हाही तोच. केरळात २०१७ मध्ये पुद्दुचेरीच्या खोट्या पत्त्यांवर नोंदवलेल्या महागड्या गाड्यांची प्रकरणं अशीच गाजली. नामवंतांना पोलिसांसमोर जावं लागलं. आणि "कुणाचं तरी कंपनीचं ओळखपत्र आणा, कॉर्पोरेट सवलत लावू" किंवा नसलेल्या दुसऱ्या कोटेशनचा आकडा फेकणं, हा खोट्याचा व्यवहार. ओट्यावरच्या त्या बायकांना मी हेच विचारते: तुम्ही भाव करणाऱ्या बाईला लोभी म्हणता, पण तुमच्याच घरात बिल कमीचं करून आणलेल्या गाडीला कुंकू लावताना तुम्हाला काही वाटत नाही? उघडपणे टेबलावर मागून घेतलेले पाच लाख स्वच्छ आहेत. टेबलाखालून वाचवलेले पन्नास हजार नाहीत.

आता पहिल्या मताकडे, टाळ्यावाल्यांकडे. एकत्र येऊन भाव करण्यात गैर काही नाही. आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादेत, २०१० मध्ये तिथल्या मंडळींनी मिळून सुमारे ६५ कोटींच्या दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या. तेव्हाही देश चकित झाला होता. पण "२१ कोटी वाचवले" हे वाक्य मला खटकतं. १८६ गाड्यांचे पैसे मोजल्यावर २१ कोटी कमी मोजले, हे खरं वाक्य. ज्याला गाडी घ्यायचीच होती त्याचे वाचले. ज्याने सवलत आहे म्हणून घेतली, त्याचे खर्च झाले.

आणि गाडी ही ठेव नव्हे. विम्याच्या हिशेबात नव्या गाडीचं मूल्य सहा महिन्यांतच ५ टक्के घटतं, वर्षाच्या आत १५ टक्के, आणि पाचव्या वर्षी निम्म्यावर येतं. ८० लाखांचे ४० लाख. त्यापुढे ११ लाखांच्या सवलतीचा ढोल किती वाजवायचा? त्याच सुमारास गुजरातमधल्या भरवाड समाजाच्या तरुणांनी याच पद्धतीने १२१ जेसीबी यंत्रं एकत्र घेतली आणि मिळून सुमारे चार कोटी वाचवले. यंत्रामागे तीन-सव्वातीन लाख. आपल्यापेक्षा सवलत कमी, पण ते यंत्र दुसऱ्या दिवशी कामावर जातं आणि घर चालवतं. मला त्या बातमीचा हेवा वाटला, हे लिहायला मी कचरत नाही.

म्हणूनच सांगते, सवलतीचा आकडा हा आपल्या हुशारीचा पुरावा नाही. हुशारी त्याआधीच्या आकड्यात आहे: आपण किती खर्च करणार, तो आकडा. आपल्या पाचव्या अणुव्रताला परिग्रहपरिमाण म्हणतात. आपल्या कितीतरी आज्या आणि काकी आजही दिवसाच्या नियमांत वाहनाचा नियम घेतात. हे परिमाण म्हणजे गरिबीचं व्रत नाही. ते मर्यादा स्वतः आखायचं व्रत आहे. आणि शोरूममध्ये त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

कसं ते पाहा. ८० लाख ठरवून घरातून निघालात. तिथे ८ लाख सुटले. लगेच तो तरुण म्हणतो, "मॅडम, एवढ्यात तर वरचं मॉडेल बसतं!" आणि ८८ लाखांची गाडी दारात येते. सवलत मिळाली, ग्रुपवर फोटो गेला, आणि वाचलं काय? शून्य. उलट किंमत ८ लाखांनी चढली म्हणून पेट्रोल गाडीचा कर एक लाखाच्या वर वाढला, विमा वाढला, टायर आणि देखभाल वाढली. सवलत ही परिमाण मोडायची शिडी झाली.

याउलट जिने घरी, कागदावर, सगळ्यांच्या देखत लिहून ठेवलंय की रस्त्यावर आणून एवढेच, ही गाडी, हा रंग चालेल, तो नसला तरी चालेल, तिला कुठलीही "आज रात्री बारापर्यंतची ऑफर" हलवू शकत नाही. तिला उठून जाता येतं. भाव करण्याची सगळी विद्या एवढीच आहे. समोरच्याला कळलं की ही बाई कॉफी संपवून, नमस्कार करून, घरी जाऊ शकते, की आकडा खाली येतो. आणि नाही आला, तरी आपलं काही गेलेलं नसतं. जुनी गाडी दारात आहे, ती चालते आहे.

घरातल्या पुरुषांना चिडवायला हे लिहीत नाही. पण एक रिवाज मोडायचा आहे. गाडी ठरवताना आपण घरी, सही होताना आपण घरी, आणि डिलिव्हरीच्या दिवशी मात्र पैठणी नेसून, नारळ घेऊन, ती पुठ्ठ्याची मोठी चावी हातात धरून पहिल्या रांगेत. बिल नंतर कपाटात जातं आणि आपण ते कधी पाहतही नाही. हे चालायचं नाही. जो खर्च घराचा आहे त्याच्या कोटेशनची प्रत घरी आली पाहिजे, ती जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचली गेली पाहिजे, आणि प्रत्येक ओळीला "हे कशाचे?" हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. सासूबाई असतील तर त्यांनाही बसवा. बस्तीच्या वर्गणीचा पैशापैशाचा हिशेब मागणाऱ्या बायका आहेत त्या. हँडलिंग चार्जेस त्यांच्यापुढे टिकत नाहीत.

भाव उघडपणे करा, खरं बोलून करा, आणि परिमाण लिहून झाल्यावर करा. त्यातून जे वाचेल त्याचा काही भाग आहारदानाला, औषधदानाला, समाजातल्या एखाद्या मुलीच्या फीला काढून ठेवायचं आधीच ठरवा. म्हणजे सवलत मिळाली की वरच्या मॉडेलचा विचार डोक्यात यायच्या आत तिला दुसरं घर मिळालेलं असेल.

या दिवाळी-पाडव्याला कुणाकडे गाडी येणार असेल, तर मला फोटो नक्की पाठवा. पण त्याआधी एवढं कळवा, की कोटेशन तुम्ही वाचलंत का, आणि त्यातली कोणती ओळ खोडायला लावलीत.

जय जिनेंद्र.